मध्यम वजनाची गाडी : बुलेट ३५० चा रोजच्या वापरातला इतिहास

बाहेरच्या फळ्यावरचा विषय वाचून एका गृहस्थांनी आत्ताच आम्हाला विचारलं, "सर, तत्त्वज्ञान सोडून फटफटी?" सोडलेलं काही नाही. छत्तीस वर्षं आम्ही वर्गात 'वस्तू म्हणजे काय' हा प्रश्न शिकवला, आणि त्यातली एकतीस वर्षं वर्गापर्यंत पोहोचलो ते एकाच वस्तूवर बसून. तेव्हा अधिकार नाही असं म्हणता येणार नाही.

आज बुलेट म्हटलं की डोळ्यांसमोर लडाख येतं, दाढीवाली तरुण मंडळी येतात, लेदरचं जाकीट येतं. आमच्या सातारा भागात हिला 'बुलट' म्हणत, आणि बुलट म्हणजे दोन बाजूंना दुधाच्या किटल्या लावलेला गवळी, फौजदार, ऊसवाला बागायतदार, निवृत्त सुभेदार. म्हणजे कामाची गाडी. हा कामाचा इतिहास हळूहळू पुसला जातो आहे, म्हणून आजचा विषय.

सुरुवात इंग्लंडात, रेडिच नावाच्या गावात. हे गाव सुया बनवण्यासाठी प्रसिद्ध. सुयांच्या धंद्यातून सायकली, सायकलींतून १९०१ साली पहिली मोटारसायकल, असा रॉयल एनफील्डचा प्रवास आहे. नावातलं 'एनफील्ड' हे बंदुकांच्या सरकारी कारखान्याच्या गावाचं. त्या कारखान्यासाठी सुटे भाग पुरवले म्हणून ते घेतलं. 'बुलेट' हे नाव १९३० च्या दशकाच्या आरंभी आलं. पण आपल्याला माहीत असलेली बुलेट दुसऱ्या महायुद्धानंतरची. १९४८ मध्ये तिचे नमुने खडतर रस्त्यांच्या चाचणी स्पर्धांत उतरवले गेले, आणि लोक बघायला लागले ते तिच्या मागच्या चाकाकडे. त्या काळी बहुतेक इंग्रजी गाड्यांचं मागचं चाक सांगाड्याला ताठ जखडलेलं असायचं. खड्डा आला की धक्का थेट मणक्यात. बुलेटचं मागचं चाक एका हलत्या दांड्यावर बसवलेलं आणि दोन बाजूंना शॉक ॲब्सॉर्बर. आज लहान पोरालाही यात नवल वाटणार नाही. त्या वेळी मात्र पुष्कळांना हा प्रकार संशयास्पद वाटला होता.

आता 'मध्यम' हा शब्द. इंग्लंडात ३५० सी.सी. म्हणजे मधला वर्ग. आयल ऑफ मॅनच्या शर्यतीत ३५० च्या वर्गाला 'ज्युनियर' म्हणत. जोरकस मंडळी ५०० आणि ६५० कडे बघायची. ३५० घ्यायची ती रोज कामावर जाणाऱ्या, पेट्रोलचा हिशेब ठेवणाऱ्या माणसानं. तीच गाडी बोटीतून मद्रासला उतरली आणि एकदम 'मोठी' झाली! आमच्याकडे तिच्या शेजारी उभ्या होत्या १७५ ची राजदूत, २५० ची जावा, आणि स्कूटरी. मध्यमपणा वस्तूत नसतो, शेजाऱ्यांत असतो. (हशा) हसू नका, हा परीक्षेत विचारण्याजोगा मुद्दा आहे.

मद्रासला ती का उतरली? स्वातंत्र्यानंतर सरहद्दीवर गस्त घालायला लष्कराला दुचाकी हवी होती, आणि १९५० च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत ८०० बुलेट ३५० ची मागणी नोंदवली गेली. मद्रास मोटर्स ही तिथली आयात करणारी पेढी. एवढी मोठी मागणी आल्यावर आयातीपेक्षा इथंच जोडणी करावी हे ठरलं, आणि १९५५ साली एनफील्ड इंडिया ही कंपनी निघाली. मद्रासच्या उत्तरेला तिरुवोत्तियूरला कारखाना उभा राहिला. आधी इंग्लंडहून सुटे भाग यायचे आणि इथं जोडले जायचे. मग साचे आणि यंत्रंही आली, आणि साठच्या दशकात गाडी इथलीच झाली.

इथं एक गंमत घडली. रेडिचवाले आपल्या बुलेटमध्ये बदल करत राहिले. मद्रासला जो नमुना आला होता, म्हणजे १९५५ च्या सुमाराचा, तो तसाच राहिला. पुढं १९६७ ला रेडिचचा कारखाना बंद पडला, १९७० पर्यंत इंग्लंडातलं उरलंसुरलं कामही संपलं. मूळ झाड गेलं आणि लांब लावलेली फांदी जगली. १९७७ मध्ये तर मद्रासची बुलेट इंग्लंडात निर्यात होऊ लागली.

हे सांगताना लोकांचा ऊर भरून येतो. आम्हाला तेवढा येत नाही. गाडी उत्तम होती म्हणून टिकली, हे अर्धंच खरं. ती टिकली कारण लष्कर आणि पोलीस खात्याची मागणी होती. कारण परदेशी गाडी आणायला बंदी होती आणि इथं नवा कारखाना काढायला परवाना लागायचा. आणि कारण रस्त्यारस्त्यावर तिचा मेस्त्री होता. पहिली दोन कारणं सरकारी कागदांत सापडतात. तिसऱ्याचा कागद नाही, म्हणून त्यावर जरा थांबतो.

आमची गाडी १९६६ ची. १९७८ साली एका निवृत्त सुभेदारांकडून घेतली, चार महिन्यांचा पगार मोजून. घरी कळलं तेव्हा दोन दिवस अबोला होता. सुभेदारसाहेबांनी किल्ली दिली आणि म्हणाले, "मास्तर, हिला ताकदीनं चालू करायला जाऊ नका, पाय मोडंल. ॲमीटरकडं बघा." ही ॲमीटरची गोष्ट तरुणांना ठाऊक नाही. हेडलाइटच्या डोक्यावर एक काटा असतो. किल्ली फिरवून किक हळूहळू दाबायची. काटा मध्यावर आला की समजायचं, पिस्टन वर पोचला. मग डाव्या हाताशी असलेली डिकॉम्प्रेशनची छोटी दांडी ओढून आतला दाब सोडायचा, किक अंगठ्याएवढी पुढं सरकवायची, दांडी सोडायची, किक वर येऊ द्यायची, आणि मग पूर्ण पाय टाकायचा. नीट जमलं तर गाडी पहिल्या किकला. नाही जमलं तर तीच किक उलटी पोटरीवर येते. आम्हाला जमायला तीन आठवडे लागले. पोटरीवरचा डाग अजून आहे.

इंजिन असं, की सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनचा प्रवास ९० मिलिमीटर. म्हणजे अरुंद आणि खोल विहीर. त्याला जड फ्लायव्हील. ताकद म्हणाल तर १८ घोडे, आजच्या मानानं काहीच नाही. पण ही ताकद खालच्या फेऱ्यांतच मिळते. पसरणीचा घाट चढताना मागं आमच्या सौ., पुढं टाकीवर मुलगा, बाजूला वाईच्या बाजारातली पिशवी, आणि गाडी तिसऱ्यात डुगडुग डुगडुग करत वर. राजदूत किंवा जावा टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळा, प्लग काळा झाला की पुसा. बुलेटचं ऑइल वेगळं, पोटात. ते पोटात राहायचं नाही ही गोष्ट निराळी. कॉलेजच्या पोर्चमध्ये आमच्या जागेवर तेलाचा एक डाग होता; प्राचार्य त्याला 'तत्त्वज्ञान विभाग' म्हणत.

टाकीवर मुलगा बसवायचो, हे सांगताना आज लाज वाटते. हेल्मेट आमच्याकडं नव्हतं, सौ. साडीत एका बाजूला पाय टाकून बसत, आणि सायलेन्सरनं त्यांचा पाय दोनदा भाजला. रोजच्या गाडीच्या इतिहासात या भाजलेल्या पायांची नोंद कुठं करणार? 'कुटुंबाची गाडी' म्हणताना कुटुंबातल्या कुणाला काय सोसावं लागलं ते बघायला हवं. आम्ही ते पुष्कळ उशिरा बघितलं.

आता मेस्त्री. सुटा भाग हवा तर पुण्याला नाना पेठेत जायचं. आमचे मेस्त्री मात्र साताऱ्याचे, पोवई नाक्याच्या बाजूचे. शाळा चौथीपर्यंत. टॅपेट सैल झालाय का हे ते गाडी दारात येण्याआधी आवाजावरून सांगत. प्लॅटिनम पॉइंटमधली फट मोजायला फीलर गेज असतं. ते सिगारेटच्या पाकिटाचा कागद वापरत. आम्ही एकदा गेज नेऊन पडताळलं, बरोबर निघालं. याला ज्ञान म्हणायचं की नाही? आमच्या पाठ्यपुस्तकाच्या व्याख्येप्रमाणं त्यांना आपल्या समजुतीचं समर्थन देता यायला हवं. ते काही देता येत नव्हतं. विचारलं की म्हणत, "सर, तुमी हात लावून बगा." पण त्यांच्या पायाशी नऊ-दहा वर्षांचं एक पोर पाने पुसत बसलेलं असायचं, पगाराशिवाय. ते स्वतःही तसेच शिकलेले. ही विद्या त्या किमतीवर उभी होती, हे विसरून तिचं कौतुक करता येत नाही.

१९८५ साली हीरो होंडा आली, १०० सी.सी.ची. किक अलगद, घाण नाही, आवाज नाही आणि मायलेज बुलेटच्या दुप्पटीहून जास्त. आमचे सहकारी एकेक करून तिकडं गेले. त्यांचं काही चुकलं नाही. बुलेट उरली लष्कराकडं, पोलिसांकडं, आणि ज्यांना वजन वाहायचं होतं त्यांच्याकडं. कारखान्यानं डिझेलवर चालणारी बुलेटही काढून पाहिली. १९९४ मध्ये कंपनी आयशर समूहात विलीन झाली, 'रॉयल' हा शब्द नावात परत आला, आणि पुढच्या वीस वर्षांत ही कामाची गाडी हौसेची झाली. विक्री वाढली, चांगलंच झालं. २०१० च्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर जुनं लोखंडी इंजिनही गेलं.

आम्ही गाडी विकली त्याचं कारण मात्र नियम नव्हे, पाय. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. इंग्रजी पद्धत तीच होती. अमेरिकेनं सत्तरच्या दशकात कायदा करून गिअर डावीकडं ठरवला, जपान्यांचं तसंच होतं, आणि सगळं जग तिकडं गेलं. २०११ मध्ये एका विद्यार्थ्याची नवी गाडी घेऊन आम्ही खंबाटकीकडं निघालो. पुढं ट्रक थांबला. आम्ही ब्रेक दाबला, म्हणजे डावा पाय दाबला. पडला गिअर. पुढच्या ब्रेकनं वाचलो. गाडी आडवी झाली, मनगट मोडलं. तेहेतीस वर्षं पायात मुरलेलं ज्ञान एका क्षणात अज्ञान ठरलं, आणि बुद्धीला सगळं माहीत असून पायानं तिला विचारलंसुद्धा नाही. प्लास्टर निघाल्यावर लक्षात आलं, आता दोन तऱ्हेच्या गाड्या आपल्याच्यानं होणार नाहीत. घरात सून नवी स्कूटर घेणार होती. जुनी गाडी वाईजवळच्या एका दूधवाल्या तरुणाला दिली.

मिलिंदपञ्ह ग्रंथात राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा रथाचा संवाद आहे. आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? नाही, मग रथ कुठं आहे? नागसेनांचा रोख असा की 'रथ' हे त्या सगळ्यावर लावलेलं नुसतं नाव आहे. हा उतारा आम्ही दरवर्षी शिकवत होतो. २०१९ साली वाईला गेलो असता तो तरुण भेटला. गाडी दारातच होती. टाकी बदललेली, चाकं बदललेली, गिअरबॉक्स दुसऱ्या कुठल्या गाडीचा, सीट लांबलचक, दोन बाजूंना किटल्यांची घोडी. सिलिंडरही नवा. आमच्या ओळखीचं काय उरलं ते शोधत आम्ही गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. नंबरप्लेट होती. आणि हेडलाइटवरचा ॲमीटर, काच तडकलेली.

तो म्हणाला, "सर, मारता का किक?" आमच्या सौ. मागून म्हणाल्या, "अजिबात नाही." आम्ही किल्ली फिरवली, हातानंच किक हळूहळू दाबली. काटा थरथरला आणि मध्यावर आला. पुढचं त्यानं केलं.

चला, प्रश्न घेऊ. मघाच्या गृहस्थांनी आधी विचारावा.