सदर्न मेथडिस्ट विद्यापीठ फुटबॉल प्रकरण
अमेरिकेतील टेक्सास राज्यात, डॅलस येथील खासगी विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघात उघडकीस आलेला पैशांचा गैरव्यवहार. महाविद्यालयीन संघांच्या धनिक पाठीराख्यांना तेथे ‘बूस्टर’ म्हणतात. शिष्यवृत्तीपलीकडे खेळाडूला काही देणे तेव्हा एनसीएए या नियामक संघटनेच्या नियमांत बसत नसे. तरीही बूस्टरांकडून होतकरू खेळाडूंना गुपचूप रोख रक्कम पोहोचे. संघाचा गाजलेला खेळाडू एरिक डिकरसन याच्या काळात, १९८२ च्या हंगामात, हा संघ अपराजित राहिला. त्या दिमाखामागे चढाओढीने खेळाडू मिळवण्याची हीच रीत होती.

ऑगस्ट १९८५ मध्ये एनसीएएने संघावर निर्बंध लादले. मात्र खेळाडूंना दिलेला शब्द पाळलाच पाहिजे, या सबबीखाली मासिक हप्ते चालूच राहिले. एका बूस्टरच्या निधीतून १३ खेळाडूंना एकूण सुमारे ६१,००० डॉलर मिळाले. रक्कम किरकोळ वाटेल. खरा प्रश्न संमती कोणाची, हा होता. विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे माजी अध्यक्ष व टेक्सासचे तत्कालीन गव्हर्नर बिल क्लेमंट्स यांनी हे हप्ते चालू ठेवण्यातील आपला सहभाग मार्च १९८७ मध्ये कबूल केला.

तत्पूर्वी, २५ फेब्रुवारी १९८७ रोजी एनसीएएने त्या वर्षीचा संपूर्ण हंगाम रद्द केला होता. वृत्तपत्रांनी या कारवाईला ‘मृत्युदंड’ म्हटले. १९८८ चा हंगाम विद्यापीठाने स्वतःच सोडला. संघ १९८९ मध्ये परतला, पण हंगामोत्तर ‘बोल’ सामना खेळण्यासाठी त्याला २००९ पर्यंत थांबावे लागले. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नाव-प्रतिमेवर कमाईची मुभा मिळाली आणि बूस्टरांचा पैसा राजरोस वाहू लागला.