जोडतारे : लहान दुर्बिणीतून निरीक्षण

नुसत्या डोळ्यांना एकच दिसणारा, पण दुर्बिणीतून दोन किंवा अधिक बिंदूंत सुटणारा तारा म्हणजे जोडतारा. घटक गुरुत्वाकर्षणाने बांधलेले असतील तर तो द्वैती तारा. एका दृष्टिरेषेत आल्याने ते जवळ भासत असतील तर दृश्य जोडतारा. हंस तारकासमूहातील आल्बिरेओ (अंतर सु. ३४ विकला) यांपैकी कोणत्या प्रकारचा, याविषयी मतभेद आहेत. सप्तर्षींतील वसिष्ठ अरुंधतीपासून सु. १२ कला दूर असून दुर्बिणीतून तो स्वतःच दुहेरी (१४ विकला) दिसतो.

विभेदन : विल्यम डॉझ यांच्या नियमानुसार ११६ ला वस्तुभिंगाच्या मिलिमीटरमधील व्यासाने भागले, की सुटू शकणारे किमान अंतर विकलांत मिळते. ६० मिमी. दुर्बिणीसाठी ते सु. १.९, तर १०० मिमी.साठी सु. १.२ येते. घटकांच्या तेजस्वितेत मोठा फरक असल्यास हा नियम लागू पडत नाही. व्यासापेक्षाही हवेची स्थिरता महत्त्वाची. शहरी उजेडाचा किंवा चांदण्याचा अडथळा फारसा होत नाही. त्यामुळे शहरातील गच्चीवरूनही मोलाचे काम होते.

इतिहास : विल्यम हर्शेल यांची जोडताऱ्यांची पहिली सूची १७८२ मध्ये प्रसिद्ध झाली. मित्र (आल्फा सेंटॉरी) दुहेरी असल्याचे १६८९ मध्ये पुदुच्चेरीहून रिशो या जेझुइट धर्मगुरूंनी नोंदवले.

पुणे येथील कार्य : बॉम्बे एंजिनियर्समधील कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब यांनी १८४२ मध्ये पुण्यात खाजगी वेधशाळा उभारली. डॉलंड बनावटीच्या पाच फुटी दुर्बिणीने १८४५ ते १८४८ या काळात वेध घेऊन त्यांनी २४४ जोडताऱ्यांची सूची सिद्ध केली. वृश्चिकेतील न्यू तारा दुहेरी म्हणून आधीच परिचित होता. त्याचा मंद घटकही दुहेरी असल्याचे १८४७ मध्ये जेकब यांनी दाखवले. (पुढे बर्नहॅम यांनी मुख्य घटकही फोडला.) मंद जोडीतील अंतर सु. २.३ विकला असल्याने ८० ते १०० मिमी. दुर्बिणीतून, मे महिन्यात रात्री दहानंतर, हा शोध आजही पडताळता येतो. मद्रास वेधशाळेचे प्रमुख असताना १८५५ मध्ये जेकब यांनी ७० ऑफियुची या जोडीच्या गतीतील विसंगतीवरून अदृश्य ग्रहाची शक्यता मांडली. तिला पुष्टी मिळाली नाही. डोंगरावर उभारायच्या वेधशाळेसाठी मोठी दुर्बीण घेऊन ते १८६२ मध्ये पुन्हा पुण्यास आले आणि ऑगस्टमध्येच तेथे निधन पावले.

मापन : घटकांतील अंतर आणि स्थितिकोन (उत्तरेपासून पूर्वेकडे, ० ते ३६० अंश) ही दोन मापे तारखेसह नोंदवावीत. तारखेविना माप निरुपयोगी, कारण जोडी फिरत असते : कन्येतील पोरिमाचा कक्षाकाल सु. १६९ वर्षे असून तिचे घटक २००५ च्या सुमारास लहान दुर्बिणीत एकवटले होते, आता पुन्हा सुटतात. मित्राचा कक्षाकाल सु. ८० वर्षे; पुण्याहून तो क्षितिजावर जेमतेम १० अंश चढतो.

रंग : घटकांच्या रंगांच्या नोंदी निरीक्षकागणिक भिन्न असतात.