मांडवात उभी रेसगाडी

मोटारींच्या मोठ्या प्रदर्शनात एखादी गाडी अशी असते की तिची किंमत कुणी विचारत नाही. आत एकच सीट. मागचं आसन काढून तिथे पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवलेला. टायर गुळगुळीत, नक्षी नाही. स्टीअरिंग खटकन निघून हातात येतं, कारण ड्रायव्हरला आत शिरायला आणि अपघातात झटपट बाहेर पडायला तेवढीच वाट असते. ही गाडी विकायला आणलेली नसते. एखाद्या रेसिंग गटाची दवंडी पिटायला ती तिथे उभी असते. सगळ्यांना सारखे नियम, सारखं इंजिन, सारखे टायर. या गटात धावायला या, निदान बघायला तरी या, असं ते आवतण असतं.

या प्रथेचं कूळ पॅरिसला सापडतं. १८९८ साली ‘ऑटोमोबिल क्लब द फ्रान्स’ने तुइलेरी बागेत मोटारींचं प्रदर्शन भरवलं आणि त्यासाठी एक अट घातली. गाडीने आधी पॅरिसहून व्हर्सायला जाऊन परत यायचं, तेही स्वतःच्या इंजिनावर. जी धावली तिलाच मांडवात जागा. त्या काळी मोटार चालते यावरच लोकांचा विश्वास नव्हता, म्हणून ही परीक्षा. आपल्याकडे यात्रेत बैलजोडी आधी घाटात पळते आणि मग गुलालात मिरवते, तसाच हा क्रम. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत शहाणा नियम हाच.

शर्यत आणि प्रदर्शन ही एकाच घरची भावंडं होती. याच क्लबने १९०६ मध्ये ल मां इथे पहिली ग्रां प्री भरवली. त्याच क्लबची १९२१ ची ग्रां प्री, पुन्हा ल मां इथेच, जिमी मर्फीने ड्यूसेनबर्ग या अमेरिकी गाडीवर जिंकली. पुढे इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यतही ड्यूसेनबर्गने १९२४, १९२५ आणि १९२७ अशी तीनदा मारली. ही कीर्ती पाठीशी घेऊन १९२८ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात कंपनीने श्रीमंतांसाठी ‘मॉडेल जे’ मांडलं.

या धाग्याची एक गाठ इंदूरला बसते. माणिकबागेत राहणारे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) हे मोटारींचे जाणकार. त्यांनी याच घराण्यातली ‘एस जे’, म्हणजे सुपरचार्जर बसवलेली ड्यूसेनबर्ग घेतली आणि तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगकडून बांधून घेतली. शर्यतीत कमावलेलं नाव प्रदर्शनात मांडायचं आणि ते बघून राजाने गाडी घ्यायची, असा तो जमाना. पण त्यात मिरवत होतं ते एका कंपनीचं नाव. बघणाऱ्या सामान्य माणसाला त्या शर्यतीत वाट नव्हती.

ती वाट निघाली दुसऱ्या महायुद्धानंतर. इटलीच्या काउंट जोव्हानी लुरानी यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस ‘फॉर्म्युला ज्युनियर’ पुढे आणली. रोजच्या वापरातल्या गाड्यांची इंजिनं घेऊन रेसगाड्या बांधायच्या, म्हणजे नव्या पोरांना परवडेल, असा त्यांचा हिशेब. १९६० च्या जानेवारीत लंडनला खास रेसगाड्यांचं प्रदर्शन सुरू झालं. मग १९६७ साली ‘फॉर्म्युला फोर्ड’ आली. पहिली शर्यत २ जुलैला ब्रँड्स हॅचवर झाली. इंजिन कॉर्टिनाचं, म्हणजे घरगुती गाडीचं, आणि पूर्ण रेसगाडीला हजार पौंडांची मर्यादा. प्रथेचा अर्थ बदलला तो इथे. एखाद्या गटाची गाडी मांडवात उभी राहते तेव्हा खरं म्हणजे नियमपुस्तक मांडलेलं असतं. समोरचा पोरगा इंजिनाकडे बघतो, खर्च विचारतो आणि मनात म्हणतो, हे मला जमेल. वेगाचा आकडा सांगून हे साधत नाही.

आपल्याकडे याचं चांगलं उदाहरण टोयोटा किर्लोस्करचं. २०१२ च्या जानेवारीत दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये कंपनीने ‘इटिऑस मोटर रेसिंग’ची घोषणा केली आणि रेसिंगसाठी तयार केलेली इटिऑस मांडली. पुढच्या वर्षी स्पर्धा सुरू झाली. टॅक्सी म्हणून देशभर दिसणारी गाडी इथे पिंजरा घालून उभी होती. गाडी ओळखीची होती, म्हणूनच बघणाऱ्याला शर्यत जवळची वाटली. परदेशी सुपरकार दोरीमागे ठेवून एवढी जवळीक साधली नसती.

विजेवरच्या ‘फॉर्म्युला ई’नेही पॅरिसचा क्रम उलटा केला. सप्टेंबर २०१३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात गाडी आधी मांडली, जानेवारी २०१४ मध्ये लास व्हेगासच्या रस्त्यावर लोकांसमोर पळवली, आणि पहिली शर्यत झाली त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बीजिंगला. सुरुवातीच्या दहा संघांत आपली महिंद्रा होती. बॅटरी अर्धीच शर्यत पुरायची, म्हणून ड्रायव्हर मध्येच गाडी बदलत. उभ्या गाडीकडे बघून हे कुणाला कळलं नसतं. लास व्हेगासची ती फेरी म्हणूनच गरजेची होती. शंकेचं निरसन धावण्यानेच होतं, हे १८९८ च्या मंडळींना कळलं होतं आणि २०१४ मध्येही ते टळलं नाही.

आता इंदूरकडे या. शहरापासून साधारण पन्नास किलोमीटरवर पिथमपूरला नॅट्रॅक्स हे वाहनांच्या चाचणीचं केंद्र आहे. तिथल्या ११.३ किलोमीटरच्या हायस्पीड ट्रॅकचं उद्घाटन २९ जून २०२१ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर यांनी केलं. आशियातला हा सर्वांत लांब हायस्पीड ट्रॅक. पुढच्याच वर्षी, २०२२ च्या एप्रिलअखेर, इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर मध्य प्रदेशचा ऑटो शो भरला. म्हणजे मांडव गावात आणि पळायची जागा तासाभरावर. इतकी सोय देशात फार थोड्या शहरांना आहे.

नॅट्रॅक्स ही चाचणीची जागा आहे, शर्यतीचं सर्किट नव्हे, हे मला मान्य आहे. तिथली शिस्त मोडावी असंही माझं म्हणणं नाही. पण वर्षातून एखाद्या दिवशी, पुरेशा बंदोबस्तात, तिथल्या एखाद्या ट्रॅकवर प्रेक्षकांना बसवता येईल. म्हणून इंदूरच्या ऑटो शोच्या आयोजकांना विनंती: पुढच्या खेपेला कुठलाही रेसिंग गट गाडी घेऊन आला, तर त्याला जुनी पॅरिसची अट घाला. आधी पिथमपूरला लोकांसमोर पळवा, मग सुपर कॉरिडॉरवर मांडा. शेजारी मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत फलक लावा: गाडीची किंमत, एका हंगामाचा खर्च, लायसन्स कुठे मिळतं, किमान वय किती. आणि दोरी काढून टाका, पोरांना आत बसू द्या.