थोरातांचे टिपण

आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार शिकवताना माढ्याच्या वर्गात एक प्रश्न आम्हांला हमखास विचारला जातो : लेखक स्वतःविषयी सांगतो ते खरे कशावरून मानायचे? लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात यांचे ‘फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट’ वाचताना हाच प्रश्न आम्हांलाही पडला.

कोल्हापूरच्या या सेनानीची कीर्ती प्रथम झाली ती दुसऱ्या महायुद्धात. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशात, आराकानमधील कांगॉच्या लढाईत थिमय्या, थोरात आणि सेन या तीन भारतीय अधिकाऱ्यांनी एकाच ब्रिगेडमधील तीन पलटणींचे नेतृत्व केले. तिघांनाही ‘डीएसओ’ हे शौर्यपदक मिळाले. शौर्यकथा येथे संपते आणि बहुतेक वाचकांची उत्सुकताही. आम्हांस मात्र पुढचे आयुष्य अधिक मोलाचे वाटते.

१९५३ मध्ये थोरात कोरियात भारतीय संरक्षक दलाचे प्रमुख होते. मायदेशी परतण्यास नकार देणारे २२,००० हून अधिक युद्धकैदी त्यांच्या ताब्यात होते आणि त्यांतले बहुसंख्य चिनी. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला ओलीस धरले, तेव्हा थोरात निःशस्त्र छावणीत शिरले आणि बोलण्यातून त्यांनी त्याला सोडवले.

१९५७ पासून ते लखनौला पूर्व विभागाचे सेनापती होते. ऑगस्ट १९५९ मध्ये नेफातल्या, म्हणजे आजच्या अरुणाचलातल्या, लोंगजू चौकीवर चकमक झाली. परराष्ट्रांविषयीची गुप्तवार्ता त्या काळी मुख्यतः इंटेलिजन्स ब्युरोकडे असे. ‘रॉ’ची स्थापना व्हायला १९६८ उजाडायचे होते. लष्कराने आपला अंदाज आपणच बांधायचा होता. तो थोरातांनी ८ ऑक्टोबर १९५९ च्या टिपणात बांधला. त्यांचे म्हणणे असे : मॅकमोहन रेषेवरच्या चौक्या केवळ टेहळणीपुरत्या ठेवाव्यात, खरी संरक्षणफळी बरीच मागे, आपली रसद सुखाने पोहोचेल आणि शत्रूची मात्र ताणली जाईल अशा ठिकाणी उभारावी. पुढे लोक याला भविष्यवाणी म्हणू लागले. आम्हांस तो शब्द पटत नाही. रस्ते किती, खेचरे किती, दारूगोळा किती दिवस पुरेल, असा हा रोकडा हिशेब होता. लष्करप्रमुख थिमय्यांना तो पटला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी मात्र, थोरातांच्या सांगण्याप्रमाणे, भीती पसरवणारा म्हणून तो झिडकारला. मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किल्ला’ नावाच्या सरावात हीच मांडणी वरिष्ठ अधिकाऱ्यांपुढे पुन्हा झाली. १९६१ मध्ये लष्करप्रमुखपद थापरांकडे गेले व थोरात निवृत्त होऊन कोल्हापुरास परतले. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चिनी आक्रमण झाले. महिन्याभरात से ला आणि बोमडिला पडले.

थोरात लिहितात की, पराभवाच्या छायेत नेहरूंनी त्यांना बोलावून घेतले आणि हे टिपण आपल्याला का दाखवले नाही, असे विचारले. त्याचे उत्तर मेननच देऊ शकतील, असे थोरातांनी सांगितले.

प्रसंग नाट्यमय आहे, आणि म्हणूनच सावध व्हावे लागते. पुस्तक निघाले १९८६ मध्ये. नेहरू १९६४ मध्ये, थिमय्या १९६५ मध्ये आणि मेनन १९७४ मध्ये निवर्तले होते. प्रतिवाद करायला कोणी उरले नव्हते. शिवाय ज्याचे पद हुकले त्याच्या लेखणीत थोडी कडवटपणाची शाई उतरणारच. तरीही दोन गोष्टी थोरातांच्या बाजूने उभ्या राहतात. टिपणावरची तारीख युद्धाच्या तीन वर्षे आधीची आहे, आणि ‘लाल किल्ला’ सराव बंद खोलीतला दोघांचा संवाद नव्हता. त्याला अनेक साक्षीदार होते. नेहरूंशी झालेल्या संवादाला तसा आधार नाही. तेव्हा टिपण इतिहास म्हणून वाचावे आणि तो संवाद आत्मचरित्र म्हणून, असे आम्ही वर्गात सुचवतो.

पराभवाची लष्करी चौकशी हेंडरसन ब्रूक्स आणि प्रेमिंद्रसिंह भगत यांनी १९६३ मध्ये पूर्ण केली. भगत हे स्वतः महायुद्धातले व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी. त्या अहवालाचा काही भाग २०१४ मध्ये एका परदेशी पत्रकाराने उघड केला. सरकारने तो स्वतःहून प्रसिद्ध केलेला नाही. तो कपाटात असेतो विद्यार्थ्यांच्या हाती थोरातांचे पुस्तकच द्यावे लागते.