चोरट्या होडीतला माणूस: पाल्कच्या सामुद्रधुनीतील बेकायदा स्थलांतर, अभय आणि जबाबदारी

‘अभय योजना’ हे शब्द तुमच्या घरी कधी ना कधी ऐकू आले असतील. घरपट्टी थकली, वीजबिल थकले, मुद्रांक शुल्क कमी भरले गेले, की काही वर्षांनी सरकार एक तारीख जाहीर करते. त्या तारखेच्या आत मूळ रक्कम भरा, दंड आणि व्याज माफ. अशा वेळी ज्याने दरवर्षी वेळेवर घरपट्टी भरली तो शेजारी चिडतो: मग मी काय मूर्ख म्हणून भरत होतो? सरकारी अधिकारी म्हणतो, नाहीतरी ही थकबाकी वसूल होणार नव्हतीच. निदान हिशेब तरी मिटला. बेकायदा स्थलांतरितांना अभय द्यावे की नाही, या जगभर चाललेल्या वादात मुळात हीच दोन माणसे बोलत असतात.

फरक एवढाच, की घरपट्टी कोणी थकवली याबद्दल वाद नसतो. स्थलांतरात देणेकरी कोण, हाच पहिला वाद असतो.

मी तंजावरला एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. संविधानाचा सक्तीचा विषय घ्यायला कोणी उत्सुक नसते, म्हणून तो बहुतेक वेळा माझ्याकडे येतो. घरी आम्ही तंजावरी मराठी बोलतो. आमचे पूर्वज एकोजी राजांच्या मागोमाग सतराव्या शतकात इथे आले. त्यांना कोणी कागद विचारले नाहीत. नागरिकत्वाच्या तासाला बाहेरून आलेले विद्यार्थी आसाम आणि बांगलादेशाबद्दल बोलतात. इथून काही तासांच्या अंतरावर, समुद्राच्या दोन्ही काठांवर, ‘बेकायदा’ ठरवले गेलेल्या लोकांचा इतिहास त्यांना माहीत नसतो. हे टिपण त्यासाठी आहे.

सुरुवात कॉफीपासून करावी लागते. १८३० नंतर सिलोनच्या डोंगराळ भागात ब्रिटिशांनी कॉफीचे मळे उभे केले. १८६९ पासून पानांवर तांबेरा पडून कॉफी बुडाली आणि तिची जागा चहाने घेतली. मजूर गेले ते मद्रास इलाख्यातून: तिरुचिरापल्ली, सेलम, मदुराई, पुदुक्कोट्टै आणि आमच्या तंजावरकडूनही. त्यांना नेणारा मुकादम म्हणजे कंगाणी. तो उचल देई, आणि उचल फिटेपर्यंत मजूर मळ्याला बांधलेला राही. या व्यवस्थेत ‘तुंडू’ नावाचा एक कागद असे. एवढे कर्ज फेडले की या माणसांना सोडू, असे मळेवाला त्यावर लिहून देई. दुसरा मळेवाला ती रक्कम भरून माणसे घेई. १९२१ मध्ये ही पद्धत कायद्याने बंद झाली. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. या लोकांच्या आयुष्यात आलेला पहिला सरकारमान्य कागद त्यांना येऊ देण्यासाठी नव्हता, तो त्यांना जाऊ न देण्यासाठी होता. दोन्ही काठ एकाच साम्राज्याचे. सीमा नव्हती, त्यामुळे बेकायदा येणेही नव्हते.

१९३९ मध्ये भारत सरकारने अकुशल मजुरांच्या सिलोनला जाण्यावर बंदी घातली. सिलोन १९४८ मध्ये स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी त्याने नागरिकत्वाचा कायदा केला. नागरिक व्हायचे तर वडिलांचा, किंवा आजोबा-पणजोबांचा जन्म सिलोनमध्ये झाल्याचे दाखवायचे. मळ्यातल्या माणसाने पणजोबांच्या जन्माचा दाखला कुठून आणावा? १९४९ मध्ये भारतीय आणि पाकिस्तानी रहिवाशांसाठी वेगळा कायदा झाला. त्याखाली सुमारे सव्वाआठ लाख लोकांसाठी अर्ज आले; मंजूर झाले ते सुमारे १ लाख ३४ हजारांचे. बाकीचे जागचे हलले नव्हते. ज्या खोलीत निजले त्याच खोलीत सकाळी उठले, फक्त आता ते कोणत्याच देशाचे नव्हते. त्यांचा मताधिकारही गेला.

याच काळात चोरटी वाहतूक वाढली. वेदारण्यम, कोडियक्करै हा किनारा तेव्हा तंजावर जिल्ह्यात होता. नागपट्टिनम जिल्हा वेगळा झाला तो १९९१ मध्ये. समोर जाफनाचा किनारा. जुने नातेसंबंध, व्यापार, लग्ने आणि त्यांच्याबरोबर तस्करी, असे सगळेच या पाण्यावरून चाले. बंदीनंतरही माणसे रात्री होडीने जात राहिली. सिलोनमध्ये अशा माणसाला नाव पडले ‘कळ्ळत्तोणी’, म्हणजे चोरटी होडी. हळूहळू हा शब्द होडीतून आलेल्यापुरता उरला नाही. तीन पिढ्या मळ्यात काढलेल्या माणसालाही तो शिवी म्हणून ऐकावा लागला. सिलोनच्या लष्कराने आणि नौदलाने या वाहतुकीविरुद्ध १९५२ पासून ‘ऑपरेशन माँटी’ नावाची मोहीम चालवली.

१८ जानेवारी १९५४ चा नेहरू-कोटेलावला करार तुम्ही जरूर मिळवून वाचा. पुस्तकांत त्याला दोन ओळी मिळतात. त्यात असे ठरले की सिलोन आपल्या प्रौढ रहिवाशांची नोंदवही तयार करील; नोंदवहीत ज्याचे नाव नाही आणि ज्याची मातृभाषा भारतीय आहे, तो भारतातून बेकायदा आलेला आहे असे गृहीत धरले जाईल आणि त्याला परत पाठवता येईल. म्हणजे आरोप सरकारचा, पण खोटा ठरवण्याची जबाबदारी माणसाची. आणि संशयाचा आधार त्याची भाषा. भारताने यावर सही केली. पुढे दुसऱ्या राज्यांत, दुसऱ्या भाषांच्या बाबतीत जे वाद आपण करतो त्यांची वाट इथून दिसते.

मग ३० ऑक्टोबर १९६४ चा शास्त्री-सिरिमाव करार. राज्यविहीन लोकांची संख्या ९ लाख ७५ हजार धरली गेली. भारत ५ लाख २५ हजार घेणार, सिलोन ३ लाख ठेवणार, पंधरा वर्षांत. उरलेल्या दीड लाखांचे १९७४ मध्ये इंदिरा गांधी आणि सिरिमाव बंडारनायके यांनी समान वाटप केले, प्रत्येकी ७५ हजार. आकडे किती नीटनेटके आहेत पाहा. ज्यांची वाटणी झाली त्यांना मात्र कोणी विचारले नव्हते. मळेकामगारांचे नेते तोंडमान यांनी तेव्हाच याला आक्षेप घेतला होता. चार लाखांहून अधिक लोक भारतात आले, बरेचसे तलैमन्नार-रामेश्वरम बोटीने, मंडपमच्या छावणीतून. ही छावणी एकेकाळी सिलोनला जाणाऱ्या मजुरांना रोगराईच्या भीतीने अडकवून ठेवण्यासाठी सिलोन सरकारने चालवलेली. नातवंडे परतली ती त्याच आवारातून. करार पूर्ण होण्याआधी १९८३ ची दंगल उसळली, पुढच्या वर्षी बोट बंद झाली, आणि ज्यांना भारताने स्वीकारायचे कबूल केले होते त्यांतले बरेच तिकडेच राहिले.

१९८३ च्या जुलैनंतर जे आले ते पुन्हा होडीनेच आले. यांत दोन प्रकारचे लोक होते, आणि वादात ही गल्लत सतत होते, म्हणून सावकाश वाचा. एक, उत्तर आणि पूर्व श्रीलंकेतले तमिळ. शतकानुशतके तिथलेच, श्रीलंकेचे नागरिक. दुसरे, मळ्यातले भारतीय वंशाचे तमिळ, दंगलीत होरपळलेले. त्यांतल्या काहींचे भारतीय नागरिकत्वाचे अर्ज त्या दोन करारांखाली झालेले होते. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही, निर्वासितांचा वेगळा कायदाही केलेला नाही. त्यामुळे दोघेही कागदोपत्री नुसते ‘परकीय’. २१ मे १९९१ ला राजीव गांधींची हत्या झाली आणि तमिळनाडूतली सहानुभूती रातोरात आटली. नागरिकत्व कायद्यात २००३ मध्ये दुरुस्ती झाली. वैध पासपोर्टाविना आलेला तो ‘बेकायदा स्थलांतरित’, आणि त्याला नोंदणीने किंवा देशीयकरणाने नागरिकत्व मिळू शकत नाही. जळत्या घरातून पळणारा पासपोर्ट कार्यालयाच्या रांगेत उभा राहत नाही, हे कायद्याला मंजूर नव्हते. २०१९ च्या दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना या व्याख्येतून वगळले. श्रीलंका त्या यादीत नाही.

त्याच वर्षी, जून २०१९ मध्ये, मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठापुढे भारतीय वंशाच्या ६५ छावणीवासीयांचे प्रकरण आले. न्यायमूर्ती स्वामीनाथन यांनी नागरिकत्व दिले नाही, तो अधिकार केंद्राचा आहे असे सांगितले; पण या लोकांचे बेकायदा येणे तांत्रिक स्वरूपाचे मानून त्यांच्या अर्जांचा सहानुभूतीने विचार करावा, असे सुचवले. उलट बाजूही पाहा. मे २०२५ मध्ये एका श्रीलंकन तमिळ माणसाच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने सुनावले, की भारत म्हणजे धर्मशाळा नव्हे.

तंजावरच्या माणसाला हे वाक्य जरा वेगळे ऐकू येते. मराठा राजांनी इथून रामेश्वरच्या वाटेवर छत्रे बांधली, म्हणजे धर्मशाळा आणि अन्नछत्रे. सरफोजी राजांनी १८०२ च्या सुमारास ओरत्तनाडूला मुक्तांबाळच्या नावाने बांधलेले छत्र आजही उभे आहे. १८०१ मध्ये त्यांनी ब्रिटिश रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात या छत्रांचा कारभार वर्णिला आहे. ब्राह्मणापासून परैयापर्यंत कोणत्याही यात्रेकरूला शिजवलेले अन्न मिळे, आजारी पडल्यास औषध मिळे. तुझा गाव कोणता म्हणून जेवण अडत नसे. पण मला न्यायालयाच्या वाक्याची दुसरी बाजूही दिसते. छत्र हे वाटसरूसाठी असते. तिथे जन्मलेली नातवंडे तिथेच मोठी होऊन लग्नाला आली, तर त्याला धर्मशाळा म्हणता येत नाही. तमिळनाडूत शंभरहून अधिक छावण्यांत सुमारे ५८ हजार लोक राहतात. २०२१ मध्ये राज्य सरकारने छावण्यांच्या नावातून ‘निर्वासित’ काढून ‘पुनर्वसन’ घातले. आतले रहिवासी मात्र अजून वाटसरूच आहेत.

आता अभयाकडे या. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा स्थलांतर आणि परकीय कायदा अमलात आला. पासपोर्ट-व्हिसाविना प्रवेशाला त्यात पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याबरोबर निघालेल्या आदेशाने ९ जानेवारी २०१५ पर्यंत आश्रयाला आलेल्या आणि नोंदणी झालेल्या श्रीलंकन तमिळांना या शिक्षेतून सूट दिली. ही घरपट्टीची अभय योजनाच, पण अर्धी: दंड माफ झाला, खाते मात्र तुमच्या नावावर झाले नाही.

पूर्ण अभयाचे उदाहरण अमेरिकेचे. रेगन यांनी नोव्हेंबर १९८६ मध्ये सही केलेल्या कायद्याने १ जानेवारी १९८२ पूर्वीपासून राहणाऱ्यांना आणि काही शेतमजुरांना, मिळून सुमारे २७ लाखांना, कायदेशीर केले. मला त्यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. कागद नसलेल्याला जाणूनबुजून कामावर ठेवणाऱ्या मालकालाही प्रथमच दंड ठेवला. जबाबदारी दोघांत वाटली, निदान कागदावर. प्रत्यक्षात मालकाला दाखवलेला कागद खरा वाटला एवढे पुरे होते; मग खोट्या कागदांचा बाजार तेजीत आला आणि बेकायदा येणाऱ्यांची संख्या पुन्हा वाढली. एक अभय पुढच्या अभयाची आशा लावते, या आक्षेपाला तेव्हापासून जोर आला. तो पोकळ नाही. २०२२ मध्ये श्रीलंकेची अर्थव्यवस्था कोसळली तेव्हा धनुष्कोडीच्या वाळूवर पुन्हा कुटुंबे उतरली. २०१५ ची तारीख त्यांना लागू होत नाही. त्यांच्यासाठी उद्या नवी तारीख मागितली जाईल, आणि कुठेतरी थांबावे लागेल हे म्हणणाऱ्याला निर्दय ठरवून उत्तर मिळत नाही.

माझे मत सांगतो. पटलेच पाहिजे असे नाही. मळ्यातल्या तमिळांच्या बाबतीत ‘माफी’ हा शब्दच चुकीचा आहे. १९६४ मध्ये भारताने सही करून घेतलेले ते देणे आहे, आणि देणेकऱ्याने धनकोला अभय देऊ नये. उत्तरेकडच्या तमिळांचा प्रश्न निराळा आहे. युद्ध २००९ मध्ये संपले, परत जाण्याची वाट काहींसाठी खुली आहे, आणि काहींना जायचेही आहे. त्यांना निवड द्यायला हवी, आणि निवड म्हणजे दोन खरी दारे हवीत. सीमेवर कोण येते हे राज्याला ठाऊक असावे, हेही मी मानतो. कराराने घेतलेली जबाबदारी मात्र त्या नावाखाली बुडवता येत नाही.

आपल्या कायद्यात १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला, काही थोडे अपवाद सोडले तर, जन्मानेच नागरिक आहे. ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्याचा एक पालक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला असावा लागतो. छावणीत २००६ मध्ये जन्मलेली मुले आता तुमच्या वयाची आहेत, आणि त्यांतली काही तमिळनाडूतल्या महाविद्यालयांत अभियांत्रिकी शिकत आहेत. ती कोणत्याही होडीत बसली नव्हती. शेवटच्या वर्षी कंपन्या मुलाखतींना येतात तेव्हा अर्जात एक रकाना असतो, राष्ट्रीयत्वाचा, आणि त्याखाली पासपोर्ट क्रमांकाचा. पुढच्या तासाला येताना १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे कलम ३ वाचून या, आणि त्या रकान्यात त्या मुलांनी काय लिहावे ते मला सांगा.