सांडलेले तेजाब

रसायनशास्त्राच्या इतिहासात एका सुती ॲप्रनची कथा नेहमी सांगितली जाते. स्वित्झर्लंडमधील बाझल येथे ख्रिश्चन शोनबाइन नावाचे प्राध्यापक होते. एके दिवशी घरी प्रयोग करताना नत्राम्ल व गंधकाम्ल यांचे मिश्रण त्यांच्या हातून सांडले. घाईघाईने त्यांनी पत्नीचा सुती ॲप्रन ओढला, सांडलेले पुसून घेतले, ॲप्रन पाण्यात खळबळला आणि शेगडीपाशी वाळत घातला. वाळताच तो भपकन पेटून नाहीसा झाला. कथेत दंतकथेचा अंश असेल. परंतु १८४६ साली शोनबाइन यांनी गनकॉटन, म्हणजे कापसापासून बनणारे स्फोटक, जगापुढे आणले हे मात्र इतिहासाला मान्य आहे.

आपल्या जबलपूरशी या कथेचा संबंध दिसतो त्याहून जवळचा आहे. गनकॉटनमधून पुढे १८८९ साली कॉर्डाइट ही धूररहित दारू निघाली, आणि तोफांचे युगच पालटले. १९०४ साली जबलपुरात तोफगाड्यांचा कारखाना उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धाच्या धुमाळीत, १९४२ साली, खमरियाचा दारूगोळा कारखाना स्थापन झाला. या शहरातील कितीतरी घरांची चूल या दोन कारखान्यांच्या भोंग्यावर पेटत आली आहे. तोफगोळ्यांत भरल्या जाणाऱ्या बहुतेक प्रमुख स्फोटकांचा जन्म नत्राम्लावाचून होत नाही. सराफ ज्याला तेजाब म्हणतो आणि ज्याच्या साहाय्याने सोन्यातील चांदी वेगळी काढतो, तेच हे द्रव्य. ते उपयुक्त आहे, आणि म्हणूनच ते टाक्यांतून व टँकरांतून रस्त्यांवरून आणि लोहमार्गांवरून सतत प्रवास करीत असते. जेथे प्रवास आहे, तेथे सांडणेही आले.

नत्राम्लाचा स्वभाव दुहेरी आहे. ते अम्ल म्हणून त्वचा व धातू जाळते, हा त्याचा एक गुण. आणि स्वतःजवळचा प्राणवायू देऊन दुसऱ्यास पेटविते, हा दुसरा. शोनबाइन यांचा ॲप्रन या दुसऱ्या गुणाचा बळी होता. म्हणून सांडलेले नत्राम्ल चिंध्यांनी, गोणपाटाने वा लाकडाच्या भुशाने टिपणे हा घोर प्रमाद होय. त्या वस्तू आपोआप पेट घेऊ शकतात. कोरडी वाळू वा माती टाकून प्रवाहाला बांध घालावा, गटाराकडे जाणारी वाट अडवावी आणि मग चुना किंवा धुण्याचा सोडा हळूहळू मिसळून अम्ल शमवावे, ही या कामाची शिस्त आहे. साठलेल्या तीव्र अम्लात थोडेसे पाणी ओतले तर ते उसळते. मात्र माणसाच्या अंगावर ते उडाले असता कपडे तत्काळ उतरवून किमान पंधरा-वीस मिनिटे भरपूर पाण्याने अंग धुणे, हाच पहिला उपचार होय.

पण याहून कपटी शत्रू म्हणजे त्यातून उठणारा तांबूस तपकिरी धूर. तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत सरपटतो व सखल वस्तीत साचतो. तो श्वासात गेलेला माणूस थोडा खोकतो, बरा वाटतो म्हणून घरी जातो, आणि काही तासांनी त्याच्या फुप्फुसांत पाणी भरू लागते. तेव्हा वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने व उंचवट्याकडे जावे, आणि धूर लागलेल्या माणसास तक्रार नसली तरी वैद्यकीय देखरेखीखाली ठेवावे, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांस आधीच ठाऊक असले पाहिजे. ३ एप्रिल १९८३ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर शहरात, रेल्वेच्या यार्डात डब्यांची हलवाहलव चालू असता, नत्राम्लाच्या टाकीला भोक पडले. हजारो रहिवाशांना घरे सोडावी लागली. विमानतळावरील बर्फ उडविण्याचे यंत्र आणून त्याने सोड्याची भुकटी अम्लावर फेकण्यात आली. प्रसंगी असे साधन सुचते ते ज्यांना द्रव्याचा स्वभाव ठाऊक असतो त्यांनाच.

आपल्या देशात हे ज्ञान दीर्घकाळ कारखान्याच्या भिंतीआड राहिले. भिंतीबाहेरच्या माणसाला काही सांगण्याचे कर्तव्य आहे, ही जाणीव फार मोठी किंमत देऊन आली. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळात विषारी वायूने हजारो माणसे मारली. ओले फडके तोंडावर धरावे, एवढेही त्या वस्त्यांना कोणी सांगितले नव्हते. वर्षभराने, ४ डिसेंबर १९८५ रोजी, दिल्लीतील एका खतकारखान्यात आधाराचा सांगाडा कोसळून ओलियमची, म्हणजे अतितीव्र गंधकाम्लाची, टाकी फुटली. कारखान्याशी काहीच संबंध नसलेल्या एका वकिलाचा त्यात अंत झाला. कारखाना पुन्हा चालू करण्यास अनुमती देताना सर्वोच्च न्यायालयाने, वस्तीला इशारा देण्यासाठी सभोवार ध्वनिक्षेपक बसवावेत, अशी अट घातली. २० डिसेंबर १९८६ च्या निर्णयात तर न्यायमूर्ती भगवती यांच्या पीठाने, धोकादायक धंदा करणाऱ्याची जबाबदारी निरपवाद असते, सावधगिरी घेतली होती ही सबब चालणार नाही, असे निःसंदिग्धपणे सांगितले. भोपाळच्या पीडितांना अंतरिम साहाय्य म्हणून २५० कोटी रुपये द्यावेत, हा आदेश ४ एप्रिल १९८८ रोजी याच जबलपूरच्या उच्च न्यायालयातून निघाला होता, हेही येथे स्मरावे.

या दुःखातून १९८९ चे घातक रसायनांविषयीचे नियम आले. भिंतीआतील आपत्तीची योजना कारखानदाराने करावी, भिंतीबाहेरील योजना जिल्हा प्रशासनाने करावी, आणि आसपासच्या लोकांना धोक्याची माहिती आधीच द्यावी, असे त्यांनी ठरविले. १९९६ च्या नियमांनी जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली आपत्ती गट नेमले.

मी शासनाचा सेवक आहे. योजनांच्या फायली कशा जाड होतात आणि कपाटात कशा निजतात, हे मला परके नाही. त्या फायलीतील एक तरी पान कारखान्यालगतच्या बिऱ्हाडातल्या गृहिणीस तोंडपाठ आहे काय, वारा कोणत्या दिशेने वाहतो हे पाहण्याची सवय तिच्या मुलांना आहे काय, आणि भोंग्याचा इशारा कोणता व पाळीचा भोंगा कोणता, हा भेद त्यांना कळतो काय, यावरच त्या फायलीची खरी किंमत ठरते. शोनबाइन विद्वान होते, तरी घाईत हाती आले तेच फडके त्यांनी उचलले. संकटाच्या क्षणी माणूस विचार करीत नाही, सवयीने वागतो. ती सवय लावण्याचे काम शांततेच्या दिवसांतच करावे लागते. टाकी फुटल्यावर त्यासाठी वेळ उरत नाही.