हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात : धोक्याची लक्षणे

हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात या दोन्ही विकारांच्या मुळाशी बहुतेक वेळा रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी असते. तिच्यामुळे पुढील भागाचा रक्तपुरवठा थांबतो आणि हृदयाचा स्नायू किंवा मेंदूतील चेतापेशी मरू लागतात. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद झाल्यास उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, अशी गणना २००६ साली प्रसिद्ध झाली होती.

हृदयविकाराच्या झटक्यात छातीच्या मध्यभागी दडपण येते, आवळल्यासारखे वाटते किंवा जळजळ होते. ही वेदना काही मिनिटांहून अधिक काळ टिकते अथवा थांबून पुन्हा येते. ती डावा हात, खांदे, मान, जबडा वा पाठीकडे पसरू शकते. सोबत थंड घाम, धाप आणि मळमळ असते. चित्रपटातील पात्र छाती धरून क्षणात कोसळते. प्रत्यक्षात अनेकदा त्रास हळूहळू वाढत जातो आणि म्हणूनच फसगत होते. पित्त झाले असे समजून ओवा, सोडा घेण्यात मोलाचे तास निघून जातात. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात छातीत न दुखता केवळ धाप, विलक्षण थकवा किंवा उलटी एवढीच लक्षणे आढळू शकतात. वय कमी आहे म्हणून निश्चिंत राहणेही योग्य नाही. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासानुसार दक्षिण आशियातील व्यक्तींना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी, तर इतर देशांत सुमारे ५९ व्या वर्षी येतो.

अशा रुग्णास बसवून ठेवावे, चालवू नये आणि स्वतः वाहन चालवू देऊ नये. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा विकार नसल्यास ३०० मिलिग्रॅमची साधी गोळी चावून खाण्यास दिली जाते. जिभेखाली ठेवण्याची गोळी मात्र रक्तदाब एकदम उतरवू शकते, त्यामुळे ती डॉक्टरांनी आधी लिहून दिली असेल तरच घ्यावी.

पक्षाघाताला ग्रामीण भागात 'अंगावरून वारे गेले' असे म्हणतात. त्यात बहुधा काहीच दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून घरचे लोक थोडे थांबून पाहू म्हणतात. रुग्णास हसण्यास सांगावे; तोंडाची एक बाजू लोंबते का ते पाहावे. दोन्ही हात समोर उचलण्यास सांगावे; एक हात खाली येतो का ते पाहावे. एखादे सोपे वाक्य म्हणवून घ्यावे. शब्द अडखळतात का ते ऐकावे. यांपैकी एक गोष्ट अचानक उद्भवली तरी पुरेशी आहे. अचानक तोल जाणे, दृष्टी अंधारणे किंवा कधी नव्हे इतके तीव्र डोके दुखणे हीदेखील लक्षणे होत.

गुठळी विरघळविणारे इंजेक्शन सामान्यतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. निवडक रुग्णांमध्ये २४ तासांपर्यंत नळीद्वारे गुठळी काढता येते. हा काळ रुग्ण शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून मोजला जातो. रात्री दहाला निरोगी झोपलेली व्यक्ती सकाळी सहाला लुळी आढळली, तर डॉक्टरांना दहाची वेळ सांगावी.

येथे ॲस्पिरिन देऊ नये. पक्षाघात गुठळीने झाला की मेंदूतील रक्तस्रावाने, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही, आणि रक्तस्राव असल्यास ती गोळी घातक ठरते. पाणी पाजू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. तेल चोळण्यात वेळ दवडू नये.

काही वेळा ही लक्षणे दहा-वीस मिनिटांत आपोआप नाहीशी होतात. तरीही रुग्णालयात त्याच दिवशी जावे. पुढील काही दिवसांत मोठा झटका येण्याचा धोका अशा व्यक्तींना सर्वाधिक असतो.

रुग्णवाहिकेसाठी महाराष्ट्रासह अनेक राज्यांत १०८, तर देशभरात ११२ हा आपत्कालीन क्रमांक आहे. पक्षाघाताचा संशय असल्यास सीटी स्कॅनची सोय चोवीस तास असलेले रुग्णालय कोणते, हे फोनवरच विचारून घ्यावे. सोय नसलेल्या ठिकाणी आधी नेल्यास रुग्णास पुन्हा हलवावे लागते.